अस्वल राहिलंय

दिवाळी उलटली की आमच्याकडे डोंगरावरून वाळत्या गवताचा वास खाली उतरायला लागतो. शिरगावच्या वाडीत, केळी-नारळींच्या ओलाव्यात जन्म काढलेल्या माणसाला तो लगेच कळतो, कारण तो वास इथला नव्हे. त्यात ऊन असतं, धूळ असते आणि जुन्या उशीसारखा थोडा गोडसरपणा असतो. परवा उमरोळीच्या फाटकाशी स्कूटर थांबवून उभा होतो, तर पुढे गवत लादलेला ट्रक. आता असे ट्रक क्वचितच दिसतात. फाटक उघडलं, ट्रक हलला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला, तरी मला किक मारायचं सुचेना.

या दिवसांत मला काय होतं, असं बायको दरवर्षी विचारते. मी दरवर्षी धुळीचं नाव सांगतो. आमच्या घरात मी कमी बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाचच भला समजतात. त्या समजाचा मी भरपूर फायदा घेतला. आता मात्र सांगून टाकतो.

साठ सालानंतरची ती वर्षं. मुंबईत तबेले होते, तबेल्यांत म्हशी होत्या, आणि म्हशींच्या दावणीत पडायचं ते गवत आमच्या पालघर-बोईसरकडच्या माळांवरचं. दसऱ्यानंतर डोंगरकडची वारली कुटुंबं विळे घेऊन माळावर उतरायची. नवरा कापायचा, बायको पेंढ्या बांधायची, आणि उन्हं कलली की सोनेरी डोंगरच चालत यावेत तशा गाड्या वखारीकडे यायच्या. वखारीत लाकडी साचा होता. त्यात गवत भरायचं, वर चार गडी चढून नाचल्यासारखे तुडवायचे, आणि दोर आवळला की गासडी तयार. स्टेशनात वॅगन लागली की रात्रंदिवस तेच. माझ्या केसांत, कानांत, भाताच्या घासात गवताची कुसळं असायची. मी नुकताच मॅट्रिक होऊन नानाकाकांच्या हाताखाली वखार बघायला लागलो होतो.

नानाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मी फार लहान होतो, त्यामुळे बाप या शब्दाला माझ्या लेखी काकांचाच चेहरा. शिरगावच्या किल्ल्यामागे भरतीच्या पाण्यात त्यांनी मला पोहायला शिकवलं. हनुवटीखाली त्यांचा तळवा असायचा, आणि तो त्यांनी केव्हा काढून घेतला हे कधी कळायचं नाही. आपण आपले पोहतच असायचो. एवढा विश्वास मी पुढे कुणावर टाकला नाही. टाकायची हिंमतच राहिली नाही म्हणा.

लखमा आमच्या माळावरच्या गवतकाप्यांचा म्होरक्या. काटक, काळासावळा, हसला की डोळे पार मिटणारा. मला लहानपणी त्याने खांद्यावरून माळभर फिरवलेलं, तेव्हा तो मला 'बालू', 'तू' म्हणायचा आणि मी शेटचा पुतण्या असलो तरी पुढेही 'तू'च म्हणत राहिला. डोंगराच्या पायथ्याशी त्याची दोन खाचरं होती. त्याची म्हणजे, कसायचा तो आणि त्याच्याआधी त्याचा बाप, पण नाव आमचं. कसेल त्याची जमीन असा कायदा आला होता, त्याला काही वर्षं झाली होती. मात्र कुळाने कचेरीत साहेबापुढे उभं राहून आपल्या तोंडाने म्हणायला हवं होतं की मी कसतो, ही मला हवी. पुकारा झाला आणि कूळ हजर नसलं तर त्याला जमीन नको आहे असंच धरलं जायचं.

ही खाचरं आमच्या माळाच्या आणि रस्त्याच्या मधोमध होती. ती गेली तर गवताच्या गाड्यांना लांबचा वळसा. काका एकदा जेवताना म्हणाले होते, "लखमा बोलला तर गेली. गप्प राहिला तर आपली." काकी ताटात आमटी वाढत होत्या. मी भात कालवत होतो.

राणीच्या बागेची गोष्ट मीच काढली, हे आधी कबूल करतो. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला वारल्यांच्या पाड्यावर गेलो होतो. वाघोबाच्या दगडापुढे भात शिजला होता, दगडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले, वर ताजा शेंदूर. एक गडी वाघ होऊन गुरगुरत पळाला आणि सगळे त्याच्यामागे. दमून येऊन लखमा माझ्याशेजारी टेकला.

"दर सालाला याला नारळ देतो," तो म्हणाला. "पन खरा कवा नाय बघितला. पाय उठलेले बघितले, आवाज आयकला. तोंड नाय."

"मुंबईला राणीच्या बागेत आहे," मी म्हणालो. "पिंजऱ्यात. पाहिजे तेवढा वेळ बघ."

त्याची बायको मंगळी पलीकडे पानं मांडत होती. ती म्हणाली, "तो वाघ याला बघल तं तोच पिंजऱ्यात मागं सरकल."

मी हे काकांना हसत हसत सांगितलं. त्यांनाही हसू आलं. दिवाळी झाल्यावर एके सकाळी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अरे, ने की लखमाला बागेत. मंगळीलाही ने. हंगामभर राबतायत बिचारी. गुरुवारी जा."

"गुरुवारीच का?"

"बुधवारी वॅगन लागतेय, शुक्रवारी दुसरी. मधला दिवस मोकळा."

पटण्यासारखंच होतं. मला तर काकांचा अभिमान वाटला. गवतकाप्याला स्वतःहून मुंबई दाखवणारा मालक त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

आता त्या दिवसाबद्दल. पुढे काय झालं ते बाजूला ठेवलं, तर तो माझ्या आयुष्यातला फार सुंदर दिवस होता. मी तो बाजूला ठेवून पुष्कळदा पाहिलाय. ठेवता येत नाही.

पहाटेची कोळशाची गाडी. लखमाने अंगात नवी बंडी घातलेली, मंगळीच्या अंबाड्यात झेंडूचं फूल, आणि फडक्यात बांधलेला एक नारळ. गाडी बदलत, पूल चढत-उतरत आम्ही भायखळ्याला पोचलो. बागेच्या तोंडाशीच दगडी हत्ती. लखमाने त्याच्या पायावर थाप मारली.

"हा निजला काय?"

"उभ्यानं कोन निजल? तूच," मंगळी म्हणाली.

मग खरा हत्ती आला. त्याच्यापुढे गवताचा ढीग होता. लखमाने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "माझं गवत माझ्या आधी ममईला येतं, हत्तीसंगती जेवतं. मीच मागं राहिलो." बाजूला एक पारशी बाई नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. त्यांना शब्द कळले नसावेत, पण त्या हसल्या, आणि लखमाने त्यांनाही सगळं परत समजावून सांगितलं, हातवारे करून, गवत कसं कापतात त्यासकट.

पाणघोडा पाण्यात नुसते डोळे वर काढून पडलेला. मंगळी बराच वेळ थांबली. "याला आंगुळीतून उठ म्हनाया बायको नाय का?" माकडांपाशी लखमाने तिला तिच्या माहेरची माणसं दाखवली, तिने त्याला सासूबाई दाखवल्या. मोराकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही. मोर काय, परसात येतात. गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याला मात्र दोघं हात लावून आले. मी एकोणीस वर्षांचा होतो. कुणाला तरी आपल्यामुळे इतका आनंद होतोय हे प्रथमच पाहत होतो.

मग वाघापाशी आलो. वाघ पिंजऱ्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होता, आमच्याकडे न बघता. लखमाने नारळ काढला. रखवालदार धावत आला, "क्या कर रहा है, अंदर मत फेंको." लखमाला फेकायचा नव्हताच. पिंजऱ्यासमोरच्या फरशीच्या कडेवर त्याने तो फोडला, पाणी जमिनीवर सोडलं आणि खोबऱ्याचे तुकडे करून जो समोर येईल त्याच्या हातावर ठेवत गेला. रखवालदारालाही दिला. तो बिचारा घुटमळला, मग टोपी काढून खाल्ला. लखमा परत जाळीशी गेला आणि हलक्या आवाजात वाघाला म्हणाला, "तुझं डोंगरात बरं चाललंय. काळजी नको करू." काय कळलं होतं त्याला, कुणास ठाऊक. मंगळीने डोळ्याला पदर लावला.

मग आम्ही झाडाखाली जेवायला बसलो. काकींनी माझ्यासाठी पुऱ्या-बटाट्याची भाजी दिली होती, पण मंगळीने नाचणीची भाकर नि भाजलेली सुकट सोडली आणि त्या वासापुढे पुऱ्या कोण खातो? तिने भाकरीचा अर्धा चतकोर मोडून माझ्या हातावर ठेवला. मी खात होतो, तेवढ्यात ती नवऱ्याला म्हणाली,

"आज तुझा पुकारा व्हता नं कचेरीत?"

"व्हता."

"मंग?"

"मंग काय? कोतवाल सांगून गेला, बेस्तरवारी दुपारच्याला ये." लखमा सुकटीचं डोकं मोडत आरामात बोलत होता. "पन बालू आठं हाय, मी आठं हाय. दोनी बाजू आठं. तठं कोन बसल? कवाडाकडं तोंड करून सायब एकलाच?" आणि त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं.

त्यांच्या पाड्यावर तंटा निघाला की पंच बसतात, पण दोन्ही बाजू येऊन टेकल्याशिवाय बसत नाहीत. एक बाजू नसली तर विडी ओढतात आणि उठून घरी जातात. हे त्याने जन्मभर पाहिलेलं. त्यामुळे मालकाचा पुतण्या आपल्याबरोबर मुंबईला येतोय, हीच त्याला सुनावणी पुढे गेल्याची खूण वाटली होती. यापेक्षा भक्कम खूण त्याला कोण देणार होतं?

माझ्या तोंडातली भाकरी तशीच राहिली. गुरुवारीच जा. मधला दिवस मोकळा. सुपारी कातरणारे काकांचे हात दिसले. मला कळलं की मी यांना बागेत घेऊन आलेलो नाही, मला यांच्यासकट इथे पाठवण्यात आलंय. आमिषाला आपण आमिष आहोत हे गळ टाकण्याआधी सांगत नाहीत, एवढंच. माझीच कल्पना, माझाच चेहरा, लखमाचा माझ्यावरचा लोभ, सगळं काकांनी नीट कातरून, योग्य जागी लावलं होतं. लहान मुलासारखं रडावंसं वाटलं.

इथपर्यंतचं मी पूर्वी एकदोघांना सांगितलंय. दारू पिऊन एका मित्राला, आणि एकदा आजारपणात बायकोला, अर्धंमुर्धं, कोणत्या दिवसांतलं ते न सांगता. इथपर्यंत मी फसवला गेलेला माणूस आहे आणि ऐकणारे हळहळतात. पुढचं परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

पुढचं असं, की अजून वेळ होता. लगेच उठलो असतो तर दुपारची गाडी मिळाली असती. कचेरी सुटायच्या आत पोचलो असतो की नाही, नक्की नाही, पण पळालो असतो. धापा टाकत लखमा साहेबापुढे उभा राहिला असता आणि माझ्यासारखा शिकलेला पोरगा बाजूला म्हणाला असता, हा मुद्दाम गैरहजर नव्हता. कदाचित ऐकलं असतं. मी हे सगळं तेव्हाच, त्या झाडाखाली, अगदी स्वच्छ पाहिलं. आणि त्याच्यापाठोपाठ काकांचा चेहरा पाहिला. संध्याकाळी घरी गेल्यावरचा. जेवणाचं ताट, अंथरूण, वखारीची किल्ली. हे सगळं ज्यांच्या घरातलं, त्यांचा.

मी हात झटकले, उठलो आणि म्हणालो, "चला, अस्वल राहिलंय."

एवढंच वाक्य. लखमा लगेच उठला. मंगळी फडकं आवरत माझ्याकडे बघत क्षणभर बसून राहिली, मग तीही उठली. अस्वल आम्ही पाहिलं. ते पाठ करून बसलं होतं. लखमा शिट्ट्या मारत राहिला, पण ते शेवटपर्यंत वळलं नाही.

संध्याकाळी पालघरला उतरलो, तर स्टेशनाबाहेर काका स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. मंगळीला म्हणाले, "काय गं, बघितलास वाघ?" मग वाटभर ती दोघं सांगत होती आणि काका मन लावून ऐकत होते, मधूनच खदखदून हसत होते. ते हसणं खोटं नव्हतं. हेच मला फार वर्षं उलगडलं नाही. एखाद्याचा संसार दुपारी काढून घ्यावा आणि संध्याकाळी त्याच्या पाणघोड्याच्या गोष्टीवर मनापासून हसावं, हे एकाच माणसात मावतं. मावतं. मी त्या गाडीत काकांच्या शेजारीच बसलो होतो.

चार-सहा दिवसांनी लखमा वखारीत आला. कोतवालाकडून त्याला कळलं होतं की पुकारा झाला, तीनदा झाला, शेट हजर होते. तो चिडलेला नव्हता. त्याला वाटत होतं की कुठेतरी काहीतरी चुकीचं झालंय आणि ते सांगितलं की सुटेल.

"बालू, तू चल," तो म्हणाला. "सायबाला सांग, मी तुझ्याबरूबर व्हतो. तू माझ्याबरूबर व्हता. तू सांगितलास की झालं."

साच्यावरचे गडी तुडवायचे थांबले होते. गादीवर काका बसले होते, सुपारीकडे बघत. त्यांनी मला अडवलं असतं तर आज मला सांगायला काहीतरी असतं.

"बघतो," मी म्हणालो. "मला बोलावलं तर येईन."

"बोलावतीलच नं?"

"बोलावतील."

तो समाधानाने गेला. कोण बोलावणार होतं? मी मॅट्रिक होतो, मला ठाऊक होतं. पुढे तो आठ-पंधरा दिवसांनी वाटेत भेटला की लांबूनच विचारायचा, "आलं काय बोलावनं?" मी मान हलवायचो. मग मी ती वाट सोडली आणि कालव्याच्या अंगाने जायला लागलो. होळीच्या सुमारास खाचरांचे बांध फोडून आमचा गाडीरस्ता झाला.

तेव्हा तारापूरकडे मोठं बांधकाम चाललं होतं. डोंगरातली माणसं तिथे खडी नि माती वाहायला जायची. लखमा आणि मंगळीही गेली. दुसऱ्या वर्षी आमच्या माळावर म्होरक्या म्हणून कुणी वेगळाच आला. काकांशी मी भांडलो नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, आणि सगळ्या गावाने माझं कौतुक केलं. ते गेल्यावर जमिनी माझ्या नावावर झाल्या. बोईसरला कारखाने वाढले तेव्हा लखमाची खाचरं माळासकट एका गोदामवाल्याला मीच विकली. त्या दिवशीसुद्धा मी स्वतःशी म्हणालो की मला काकांनी फसवलं होतं. फसवलं जाण्याची एक ऊब असते. तिच्यात माणूस वर्षानुवर्षं झोपू शकतो. काकांनी मला एका सकाळपुरतं फसवलं. दुपारपासून मी मोकळा होतो.

उमरोळीच्या फाटकावरून परवा मी घरी गेलो नाही. स्कूटर बोईसरकडे वळवली. लखमा गेल्याचं मागेच कळलं होतं. मंगळी नातवाकडे असते हेही माहीत होतं. गल्लीत सगळी हिंदी, कुकरच्या शिट्ट्या, एका दारात कारखान्याचे निळे कपडे वाळत घातलेले. तिथेच ती उंबऱ्यावर बसली होती. केस पार पांढरे, पण नजर तीच. मला तिने ओळखलं. नातू बाहेर आला, त्याला म्हणाली, "ह्यो तो, आज्याला वाघ दाखवनारा." पोरगा एकदम खूश झाला. म्हणाला, "आजोबा फार सांगायचे तुमचं. खुर्ची आणतो."

मी खुर्चीवर बसलो नाही. जमिनीवर टेकलो आणि सांगितलं. गुरुवारचं, गाडीचं, वखारीतलं, बोलावणं येणारच नव्हतं हे. वाक्यं पाठ केल्यासारखी येत होती. नातू दाराला टेकून ऐकत होता, त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

मंगळी म्हणाली, "मना ठावं व्हतं."

"केव्हापासून?"

"तू अस्वल बघाया उठलास तवापासून. तुझं तोंड बघितलं नं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"आमच्यातली भाकर तुझ्या हातावर व्हती." ती रस्त्याकडे बघत होती. "म्हटलं, पोर हाय, घाबरला. गाडीत सांगल. गाडीत नाय सांगितलास, म्हटलं, उद्या सांगल. त्याला मी कदी कायी नाय बोलली. तो दर हंगामाला म्हनायचा, बालूला बोलावनं नाय आलं, नायतर तो गेला असता. मरताना पन त्याला तू बराच व्हतास."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. आतून नातसून चहाची कपबशी घेऊन आली, तशी मंगळीने तिच्याकडे न बघताच हात आडवा केला.

"त्याला नको दिऊ," ती म्हणाली.

नातसून गोंधळून तिथेच उभी राहिली. मी उठलो. नातवाने माझ्यामागची रिकामी खुर्ची उचलली आणि आत नेली.